मंजूर म्हणजे पाहिलेलं

आज रविवार. आठवड्याची ही सुट्टी आपल्याला कुणी मिळवून दिली, हे आपल्यापैकी अनेकजण शाळेत शिकलेले असतात. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरली. सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची वेळ आणि पगाराची तारीख या त्यातल्या चार मागण्या आपल्याला थोड्याफार ठाऊक असतात. पाचवी मात्र फारशी कुणाला आठवत नाही. काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

आजच्या भाषेत सांगायचं, तर हा अपंगत्वाच्या लाभासाठी केलेला अर्ज होता. त्याचं पुढे काय झालं? रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. पाचवी मागणी तशीच पडून राहिली. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग असताना लोखंडे वारले, तेव्हाही ती पडूनच होती. गिरणीत हात गेलेल्या कामगाराला भरपाई देणं मालकाला बंधनकारक करणारा कायदा हिंदुस्थानात झाला तो १९२३ साली, आणि तो अंमलात आला १ जुलै १९२४ पासून. अर्ज केला १८८४ मध्ये, पदरात काही पडलं चाळीस वर्षांनी. सह्या करणाऱ्यांपैकी किती जण तोवर हयात असतील, याचा विचार आपला आपण करावा.

योगायोग असा की, परळच्या सभेच्या दोनच महिने आधी, जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कनं अपघात विम्याचा कायदा करून घेतला होता. १८८९ मध्ये तिथे वृद्धत्व आणि अपंगत्वाच्या विम्याचाही कायदा झाला. म्हणजे परळची मागणी त्या काळात अशक्य कोटीतली नव्हती. जगात दुसऱ्या एका ठिकाणी ती त्याच वर्षी मान्य झाली होती. इथे ती कुणी पाहिली नाही, एवढंच.

‘पाहिली नाही’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या घरी दखनी बोलली जाते आणि मी लिहितो मराठीत, त्यामुळे शब्दांच्या मुळांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. ‘अर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ समोर मांडणं, दाखवणं. ‘मंजूर’ हा आपल्या ‘नजर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं, पाहिलेलं, आणि मग पाहून पसंत केलेलं. तेव्हा अर्ज म्हणजे दाखवणं, मंजूर म्हणजे पाहिलं गेलेलं. आणि नामंजूर म्हणजे न पाहिलेलं. शब्दांच्या मुळावर कायदा चालत नाही, हे मला कळतं. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले नाकारलेले दावे वाचत गेलो, तेव्हा मला हा अर्थ पुन्हा पुन्हा खरा होताना दिसला. बहुतेक वेळा नकार देणाऱ्यानं कागद पाहिला होता, आकडा पाहिला होता; माणूस पाहिला नव्हता. आणि जिथे नकार फिरला, तिथे कुणीतरी पुन्हा पाहिलं म्हणून तो फिरला.

आता हा आकडा कुठून आला, ते पाहू. माणसाच्या अवयवांची किंमत ठरवण्याची एक जुनी यादी वाचायला मिळते ती चक्क समुद्री चाच्यांची. कॅरिबियन समुद्रात चाच्यांबरोबर राहिलेल्या एक्सक्वेमेलिन नावाच्या शस्त्रवैद्याचं पुस्तक १६७८ मध्ये अॅमस्टरडॅमला छापलं गेलं. चाच्यांचा मोहिमेवर निघण्यापूर्वीचा करार त्यात दिला आहे. उजवा हात गेला तर सहाशे स्पॅनिश नाणी किंवा सहा गुलाम. डावा हात गेला तर पाचशे नाणी किंवा पाच गुलाम. उजव्या पायाचे पाचशे, डाव्याचे चारशे. डोळ्याचे शंभर, बोटाचेही शंभर. एकाच्या तुटलेल्या हाताची भरपाई दुसऱ्या सहा जणांच्या धडधाकट देहांनी करायची, हा त्यातला क्रूरपणा लपत नाही. पण मोजणीची पद्धत लक्षात ठेवा.

कारण १९२३ च्या आपल्या कायद्याला जोडलेलं कोष्टक त्याच वळणाचं होतं. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला, तर कमाईची ताकद ७० टक्के गेली असं धरायचं. डावा गेला तर ६० टक्के. अंगठ्याचे २५, एका डोळ्याचे ३०. तर्जनीचे १०, बाकीच्या कुठल्याही बोटाचे ५. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर प्रौढ कामगाराला ४२ महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. पुढे कोष्टक बदललं. उजव्या-डाव्याचा फरक गेला, अंगठा ३० टक्क्यांवर आला, एका हाताच्या दोन बोटांचे २० झाले. १९२३ चा तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कोष्टक मात्र तिच्यासोबत पुढे आलंच.

कोष्टकाला मी नावं ठेवत नाही. कोष्टक नव्हतं तेव्हा काय होतं? इंग्रजी न्यायालयांचं म्हणणं असायचं की, कामगारानं काम पत्करलं तेव्हाच त्यातला धोकाही पत्करला. सोबत्याच्या चुकीनं इजा झाली तर मालकाचा काय संबंध? त्या मानानं कोष्टक म्हणजे मोठीच प्रगती. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करत बसायला नको. हात गेला, तो कामावर गेला, एवढं दाखवलं की पुरे. पण कोष्टकाला एक खोड असते. त्याला हात दिसतो. तो कोणाचा, हे दिसत नाही.

याचं उत्तम उदाहरण ओडिशातल्या एका सुताराचं आहे. ६ जुलै १९६८ रोजी एका सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना तो वरून पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे काही पूर्ण अपंगत्व नव्हे. कोष्टकात बघा, एका हाताचे अमुक टक्के, तेवढेच पैसे लागू होतात. भरपाई आयुक्तांनी मात्र विचारलं, एका हातानं सुतारकाम होतं का? एका हातानं फळी धरायची आणि त्याच हातानं रंधा मारायचा, हे होणार कसं? त्यांनी अपंगत्व पूर्ण धरलं आणि ९,८०० रुपये भरपाई ठरवली. मालक भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयानं आयुक्तांचं म्हणणं उचलून धरलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागतं, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालात सांगितलं. साडेसात वर्षं गेली. पण एका सुताराचा हात सुताराचा हात म्हणून पाहिला गेला.

ऑक्टोबर २०१० मध्ये रस्ते अपघाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट आणखी सोपी करून सांगितली. देहाच्या अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो. तेच सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या बाबतीत झालं, तर त्याची नोकरी टिकूही शकते. तेव्हा टक्के विचारून थांबू नका, तो माणूस काय करत होता आणि आता काय करू शकतो, हेही विचारा.

आता कारखान्यातून बाहेर येऊ. ज्यांना मालकच नाही, जन्मापासून किंवा आजारानं अपंगत्व आलं आहे, त्यांचं काय? महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. गावाकडे तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. तहसील कचेरीत अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला जोडायचा, आणि पगार सुरू झाला की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. केंद्र सरकारची अपंगत्व पेन्शन २००९ मध्ये आली. ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांहून कमी अपंगत्व नसलेल्यांसाठी. २०१२ मध्ये तिच्यातला केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये ठरला.

यातलं कळीचं कागदपत्र अपंगत्वाचा दाखला, आणि दाखल्यातला कळीचा आकडा चाळीस. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं तो पक्का केला. त्या कायद्यानं सात प्रकारची अपंगत्वं मानली होती. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. चाळीस टक्के भरले तर लाभ, एकोणचाळीस भरले तर काही नाही. या सातांत जे बसत नव्हते, त्यांची मोजणीच नव्हती.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. रोगी दिसायला तुमच्या-माझ्यासारखा. पण वेदनेचा झटका आला की हाडं फुटल्यासारखी होतात, दवाखान्यात भरती व्हावं लागतं, शाळा बुडते, मजुरी बुडते. १९९५ च्या यादीत हा आजार नव्हता. हात-पाय शाबूत, डोळे शाबूत, मग अपंग कसला? २०१६ च्या नव्या कायद्यानं यादी सातावरून एकवीसवर नेली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, आम्लहल्ल्याच्या बळी ठरलेल्या स्त्रिया-पुरुष, सगळे त्यात आले. आजार तोच, रोगी तोच; काल तो नामंजूर होता, आज त्याला निदान रांगेत जागा आहे. अर्थात तीही अर्धीच. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात या रक्तविकारांना अजूनही स्थान नाही.

न पाहण्याचा हा इतिहास जनगणनेतही सापडतो. इंग्रज सरकार १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी यांची गणती करत असे. शब्द कठोर होते, पण मोजणी होती. १९४१ ते १९७१ पर्यंत हा प्रश्नच विचारला गेला नाही. १९८१ हे अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा विचारला. १९९१ मध्ये पुन्हा गाळला. २००१ मध्ये तो परत आला तो जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारच्या दाराशी ठाण मांडलं म्हणून. २०११ मध्ये देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. ज्यांना मोजलंच नाही, त्यांच्यासाठी पैशाची तरतूद कोण आणि कशी करणार?

सैनिकाला तरी हा अनुभव येऊ नये, असं आपल्याला वाटतं. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून आलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. म्हणजे जाणीव होती. पण अपंगत्व पेन्शनच्या नियमात एक अट होती, दुखणं सैन्यसेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं असलं पाहिजे. लढाईतल्या गोळीचं ठीक आहे. पण फिट्स, मानसिक आजार, रक्तदाब यांचं काय? मंडळ शेरा मारायचं की, हा आजार अंगभूत आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही. अशाच एका जवानाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याला फिट्स येऊ लागल्या म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर काढलं होतं, आणि पेन्शन नाकारली होती. २ जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की, भरती करून घेताना तुमच्याच डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. तेव्हा आजाराची नोंद केली नाही, तर तो निरोगी होता असंच धरावं लागेल. संबंध नाही, हे सिद्ध करायचं ओझं सैनिकावर नाही, सरकारवर आहे. आणि शंका उरलीच, तर तिचा फायदा सैनिकाला. या एका निकालाच्या आधारानं नंतर कितीतरी जवानांचे दावे पुन्हा उघडले गेले.

हा काही एकट्या आपल्या देशाचा दोष नाही. श्रीमंत अमेरिकेतही १९८१ नंतर सरकारनं अपंगत्व लाभाच्या याद्या झपाट्यानं तपासायला घेतल्या. तीन वर्षांत सुमारे चार लाख नव्वद हजार लोकांची नावं कमी केली. त्यात मानसिक आजाराचे रुग्ण पुष्कळ होते, कारण ते चालत येत होते आणि बोलत होते. लोकांनी अपिलं केली. सुमारे दोन लाख जणांना लाभ परत मिळाला. न्यायाधीश नाराज झाले, काही राज्यांच्या गव्हर्नरांनी ही छाटणी राबवायला नकार दिला. शेवटी १९८४ मध्ये तिथल्या संसदेनं, एकही मत विरोधात न पडता, कायदा बदलला. एकदा मान्य केलेला लाभ बंद करायचा असेल, तर त्या माणसाच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचा पुरावा आधी दाखवा, असं त्यात आलं. परळच्या अर्जाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

सरकारची बाजूही सांगायला हवी. खोटे दाखले असतात. धडधाकट माणसं अपंगांच्या जागा बळकावतात, अशा बातम्या आपण वाचतो. २०१६ च्या कायद्यात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. तिजोरी सर्वांची आहे. पण लबाडाच्या भीतीनं दार इतकं अरुंद करायचं की, कुबड्या घेऊन येणाराच त्यात अडकावा, आणि लबाड मात्र कागद नीट रंगवून सहज आत जावा, याला तपासणी म्हणता येत नाही.

आता नकार मिळालेल्या माणसाकडे वळतो. आमचं यंत्रमागाचं गाव. मी बी.ए. झालेला आणि कविता छापून येणारा, म्हणून गल्लीतले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मागावर दोन बोटं गेलेला एक तरुण एकदा कागद घेऊन आला. दाखल्यात चाळीस टक्के भरत नाहीत, म्हणून त्याचा निराधारचा अर्ज फेटाळला होता. मी विचारलं, “तपासताना काय झालं?” तो म्हणाला, “चाचा, डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हात चालतो का. मी म्हटलं, चालतो. ते म्हणाले, घरी काय काय करतोस. मी म्हटलं, सगळं करतो, अल्लाची मेहेर आहे.”

हे उत्तर मला त्यानंतर अनेकांकडून ऐकायला मिळालं. आपल्याकडे कुणी ‘कसं काय?’ विचारलं, की ‘बरं चाललंय’ म्हणायची रीत आहे. अपंग माणूस तर जन्मभर हेच शिकतो, की काय जमतं ते दाखव, काय जमत नाही ते झाक. अर्ज मात्र त्याला उलट सांगतो. जमत नाही ते मांड. धुतलेला सदरा घालून, केस विंचरून मंडळापुढे उभं राहायचं आणि मग ‘मला बटण लावता येत नाही, आई लावून देते’ असं परक्या माणसाला सांगायचं, याला मोठी हिंमत लागते. आणि एवढी हिंमत केल्यावर ‘अपात्र’ असा शिक्का आला, की माणसाला वाटतं, आपल्याला खोटारडा म्हटलं. नकाराचा खरा घाव इथे बसतो. पैशाची चणचण सोसता येते. आपण ढोंगी ठरलो, हे सोसवत नाही. कित्येक जण यानंतर त्या कचेरीची पायरी चढत नाहीत.

त्यांना सांगण्यासारखं या सगळ्या इतिहासात पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी की, दरवाजे दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. निराधारच्या दारावर चाळीसची पाटी आहे. कामावर झालेल्या इजेच्या दारावर ती नाही. तिथे एका बोटाचीही भरपाई असते. विमा असेल तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, नसेल तर मालकाकडून. तिथल्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय पटला नाही, तर त्यावरही दाद मागता येते. आमच्या तरुणाचं दार दुसरं होतं, तो पहिल्यावर थांबला होता.

दुसरी गोष्ट, नकार तोंडी घेऊ नये. कारण लेखी मागावं. अपंगत्वाच्या दाखल्याबाबत अर्जदाराला अपात्र ठरवलं, तर त्याची कारणं लेखी कळवावी लागतात. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमानं त्यावर अपील करता येतं. तिसरी गोष्ट वकिलाची. अपंग व्यक्तीला, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगाराला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न विचारता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याची कचेरी असते. पुण्यात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथेही तक्रार करता येते.

चौथी गोष्ट, चाळीसच्या आत असणं म्हणजे काहीच नसणं नव्हे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला स्पर्धा परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे टक्के भरत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, अशी सोय मागायला चाळीसची अट लावता येणार नाही. उलट प्रकारही घडतो. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचेचं अपंगत्व चाळीसच्या वर आहे, म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला. अपंगांच्या राखीव जागेसाठी चाळीस हवेत, आणि चाळीस भरले तर डॉक्टर होता येणार नाही, असा तो पेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयानं म्हटलं, नुसता आकडा पाहून दार लावू नका. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा, आणि नाही म्हणायचं तर कारण द्या.

आमच्या तरुणाचं प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. तीन वर्षं लागली. मिळालेली रक्कम काही मोठी नव्हती. पण निकालपत्रात एक वाक्य होतं, की अर्जदाराला आता तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही आणि मागावरच्या कामात ही गाठ वरचेवर मारावी लागते. ते वाक्य त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पैसे किती, हे त्यानं नंतर विचारलं.

आपल्या भाषेत ‘खैरात’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द एकाच मुलखातून आले. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ती नाकारली, तर मुकाट्यानं परत फिरायचं. हक्क नाकारला, तर का, असं विचारता येतं. परळच्या त्या साडेपाच हजार लोकांनी खैरात मागितली नव्हती. त्यांचा अर्ज चाळीस वर्षं कुणी पाहिला नाही, तरी तो खोटा ठरला नाही. तेव्हा तुमच्या घरी, शेजारी कुणाकडे ‘नामंजूर’ असा शेरा मारलेला कागद पेटीच्या तळाशी पडून असेल, तर तो बाहेर काढा. त्यावरची तारीख पाहा, कारण लिहिलंय का ते पाहा, अपिलाची मुदत उरली आहे का ते विचारा. उलटली असेल तर उशिराचं कारण देऊन ती वाढवून मागता येते का, हेही विचारा. आणि ज्याचं नाव त्या कागदावर आहे, त्याच्याजवळ दोन घटका बसून विचारा, की बाबा रे, नेमकं काय जमत नाही? पहिल्यांदा तो म्हणेल, बरं चाललंय. तुम्ही उठू नका.